फेस उना का?

झुलालभाऊंनी डावी टाच पाटावर टेकवली, बाटलीचं बूच दोनदा भरून पेल्यातल्या पाण्यात ओतलं आणि पेला घावावर हळूहळू रिता केला. चर्र असा बारीक आवाज झाला. घावाच्या खड्ड्यातून पांढरा फेस वर आला, कडांवरून ओघळला आणि पाटावर साचला. भाऊंनी दात आवळले. झोंबत तर होतंच, पण फेस बघून त्यांना बरं वाटत होतं.

समोर ओट्याच्या पायरीवर धनसिंग बसला होता. त्याचा उजवा पाय घोट्याच्या वरून काढलेला, पायजमा तिथंच दुमडून पिन लावलेला. कुबडी भिंतीला टेकवलेली. तिच्या मुठीला त्यानं पांढऱ्या कापडाची पट्टी गुंडाळून टोक आत खुपसलं होतं. दोघांनी सारा जन्म एकाच मिलमध्ये, एकाच खात्यात काढला होता. धनसिंग रोज संध्याकाळी यायचा आणि रोज हेच विचारायचा.

“फेस उना का?”

“उना ना. दखस नही का?”

“जोरमा उना?”

“जोरमा. आत घाण शे म्हनीसन उना. घाण निंघनी का पाय चोखा.”

धनसिंग मान हलवायचा आणि रस्त्याकडे बघत बसायचा. मग भाऊंच्या पत्नी कमलबाई चहा आणायच्या, आणि पायाचा विषय तिथंच संपायचा.

डॉक्टरांनी मात्र आडपडदा ठेवला नव्हता. साखर काबूत आहे, रक्त टाचेपर्यंत पोचतंय, म्हणजे घाव भरायला हवा होता. तो का भरत नाही हे त्यांनाही उमगत नव्हतं. अखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, वाट बघू, म्हणाले, घावाची कड सरकली नाही तर पाय काढावा लागेल. “आणखी काही लावता का?” असंही त्यांनी विचारलं होतं. “छे, स्वच्छ धुतो फक्त,” भाऊ म्हणाले, आणि त्यांच्या लेखी ते खोटं नव्हतं. मलमाची डबी त्यांनी घरी आणून कोनाड्यात ठेवली.

आता या बाटलीचं सांगायला हवं. भाऊ होते मिलच्या ब्लिचिंग खात्यात. कोरं कापड पिवळट असतं, ते पांढरं करणारं हे खातं. तिथं पेरॉक्साइडचे कॅन यायचे. हातावर थेंब उडाला तर कातडी खडूसारखी पांढरी पडायची. खात्यात कुणाला पत्रा लागला, बोट चेमटलं, तर दवाखान्याची पायरी कोण चढतो? सरळ भाऊंकडे. भाऊ पाण्यात बूचभर पेरॉक्साइड मिसळणार, जखमेवर ओतणार, फेस येणार, जखम पांढरी होणार, आणि माणूस पुन्हा कामाला लागणार. कापडाचा मळ जातो, मग माणसाचा का जाऊ नये? बारीकसारीक जखमा भरायच्याही. त्या कशानंही भरल्या असत्या, पण नाव व्हायचं भाऊंचं. लोक त्यांना खात्याचे डॉक्टर म्हणायचे आणि भाऊंना ते गोड लागायचं. रिटायर झाल्यावरही ते केमिकलच्या दुकानातून तोच कडक माल आणत. मेडिकलमधल्या बाटलीला ते गुळवणी म्हणत. टाच भरेना, तेव्हा त्यांनी एका बुचाची दोन बुचं केली.

धनसिंगच्या पायात मिलच्या आवारात खिळा घुसला, तेव्हाही पाळी सुटली की भाऊच त्याचा पाय मांडीवर घेऊन धुवायचे. अख्खा पावसाळा धुतला. तो पाय शेवटी सरकारी दवाखान्यात काढावा लागला. साखरेनं नेला, असं सगळे म्हणाले. धनसिंगही तेच म्हणाला. इतकं करूनही मित्राचा पाय वाचला नाही म्हणून भाऊ त्या दिवशी जेवले नव्हते.

घरात सून होती, प्रमिला. ती अमळनेरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची, रोज एस.टी.नं जाऊन येऊन. मुलगा सुकदेव नरडाण्याच्या कारखान्यात. सासऱ्यानंच तिला लग्नानंतर पुढं शिकायला लावलं होतं आणि भावकीतल्या बायका काय म्हणतील याची फिकीर केली नव्हती, म्हणून तिचा त्यांच्यावर जीव होता. आता ती एम.फिल. करत होती, आणि विषय काय, तर माशाची जखम कशी भरते. होळीपासून तिच्याकडं घरीही जिवंत मासे यायला लागले होते, ॲल्युमिनियमच्या झाकणवाल्या किटलीत. कमलबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ. त्यांनी ताकीद देऊन ठेवली होती की किटली मागच्या धुण्याच्या दगडापाशीच राहील, उंबरा ओलांडणार नाही.

“मासोळीनं कातडं दखाना पगार देस का सरकार?” भाऊ सुनेची फिरकी घ्यायचे.

“देतं ना आबा. थोडा उशिरा देतं, पण देतं.”

अखाजी तोंडावर आली होती. एका रविवारी सकाळी प्रमिलानं ओट्यावर टेबल मांडलं आणि त्यावर लाकडी पेटीतून कॉलेजचा मायक्रोस्कोप काढून ठेवला. आदल्या दिवशी ती तो मांडीवर घेऊन एस.टी.त बसून आली होती. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला कमलबाईंनी जुन्या लुगड्यावर बिबड्या, ज्वारीचे गोल पापड, वाळत घातल्या होत्या.

“मना बिबड्यासवर पानी उडनं ते दख,” त्या म्हणाल्या आणि लुगडं आणखी पलीकडं ओढून आत गेल्या.

“आबा, या इकडं,” प्रमिलानं हाक मारली. “मोतीबिंदू काढलाय त्या डोळ्यानं बघा.”

“काय दखू?”

“चालणारी कातडी.”

भाऊ हसले, पण उठले. लंगडत येऊन खुर्चीवर बसले आणि डोळा लावला. आधी नुसता उजेड दिसला. तिनं चाक फिरवलं तशी एक कड दिसू लागली, माशाच्या खवल्याची. तासाभरापूर्वी तिनं जिवंत माशाचा तो एक खवला उपटून काचेवर मिठाच्या पाण्यात ठेवला होता. त्या कडेतून अर्ध्या बिबडीच्या आकाराचे पातळ तुकडे बाहेर पडले होते. भाऊ बघत राहिले. काचेवर धुळीचा एक कण होता. मघाशी तो एका तुकड्याच्या पुढं होता, आता तुकडा त्याच्या अंगावर येऊन ठेपला होता.

“हाई चालस?”

“चालतंय. या कातडीच्या पेशी. खवला काढला, तिथं जखम झाली, तर कडेच्या पेशी पुढं सरकून ती झाकायला निघाल्या. आपलंही असंच असतं आबा. जखम तळातून भरत येते, आणि वरून झाकायला कडेची कातडी चालत येते. चालत आली नाही, तर जखम उघडीच राहते.”

भाऊंनी डोळा हटवला नाही. या पोरीनं इतकी वर्षं हे बघितलं आणि आपण तिची फिरकी घेत बसलो, असं त्यांना वाटून गेलं. त्यांनी तिला पुन्हा विचारलं, आणि तिनं पुन्हा सांगितलं.

“आबा, तुमची बाटली देता?”

“कशाले?”

“थेंबभर टाकून बघू.”

भाऊंनी बाटली आनंदानं दिली. तिनं एक थेंब घेतला आणि थेट कमलबाईंच्या पाण्याच्या बादलीत टाकला. त्या दिवशी नळ आला नव्हता. आतून कमलबाईंचा आवाज आला की त्या पाण्याचं आता काय करायचं, झाडाला घालायचं का. प्रमिलानं हो म्हटलं. मग बादलीतलं ते पाणी चांगलं ढवळलं, त्यातला एक थेंब काचेच्या एका बाजूला सोडला आणि भाऊंना बघायला सांगितलं.

बराच वेळ काही झालं नाही. मग एक तुकडा वळला. मागोमाग दुसरा. थेंब ज्या बाजूला पडला होता, तिकडं तोंड करून ते चालायला लागले.

“हाई काय व्हयनं?”

“जखम झाली की शरीर स्वतःच तिथं हे थोडंसं तयार करतं. तुमच्या बाटलीत आहे तेच, पण इतकंसं. पेशींना त्यावरून कळतं की इकडं या, इकडं तुटलंय.” ती थांबली. “मला तसं वाटतं. आमचे सर म्हणतात, पाणी वाहतं म्हणून त्या वळतात, पुन्हा करून बघ. मी करतेय. पण शरीर ते तयार करतं, एवढं नक्की.”

भाऊ खुर्चीत मागं टेकले. चेहरा फुलला होता.

“मी काय सांगत होतो? बठ्ठा खात्यातले सांगतील तुला. पेरॉक्साइडसारखं औषध नही.”

प्रमिलानं नळी धुतली. हे इथवर येणार हे तिला ठाऊक होतं, आणि म्हातारा चिडला तर उद्यापासून तीन बुचं ओतेल, हेही ठाऊक होतं.

“आता तुम्ही करा,” ती म्हणाली. “तुमच्या हातानं. टाचेवर ओतता तसंच मिसळा.”

भाऊंनी पेल्यात पाणी घेतलं आणि दोन बुचं ओतली. तिनं दिलेल्या नळीनं थेंब उचलून काचेवर सोडला, अगदी सराईतासारखा. काचेवर बुडबुडे आले.

“फेस उना,” ते म्हणाले आणि डोळा लावला.

बुडबुडे बाजूला सरकले. खाली ते तुकडे होते, पण अर्ध्या बिबडीसारखे नव्हते. सगळे आक्रसून गोल झाले होते. भाऊंनी धुळीचा कण शोधला, एक गोळा हेरला आणि त्यांच्यातलं अंतर बघत राहिले. ते कमी होईना.

“उठतील,” भाऊ म्हणाले.

प्रमिलानं टिपकागद हाती घेतला.

“धुऊन टाक ते पाणी. चोखं पाणी घाल. दम लागला असेल त्यांना.”

तिनं काचेवरचं पाणी टिपून घेतलं, नवं मिठाचं पाणी घातलं. पुन्हा घातलं. भाऊ बघतच होते. कमलबाईंनी चहा झाल्याचं सांगितलं. मग गार झाल्याचं सांगितलं. ऊन टेबलाच्या पायापाशी आलं, बिबड्या एका बाजूनं वाळून उलटायला झाल्या, आणि काचेवर एकही पेशी हलली नाही.

“फेस म्हणजे घाण निघाली, असं नसतं आबा,” प्रमिला हळू आवाजात म्हणाली. “ताज्या रक्तावर ओतलं तरी फेस येतो. चांगल्या मांसावरही येतो. कड रोज चालायला निघते आणि रोज संध्याकाळी तुम्ही तिला असं करता.”

भाऊंनी डोळा बाजूला घेतला. टाचेकडं बघितलं. फडक्याखालून घावाची पांढरी कड दिसत होती. ती इतके दिवस त्यांना स्वच्छ वाटत आली होती.

“बेटा,” ते म्हणाले, “एखाद्याच्या पायात खिळा गेला, आणि त्याच्यावर हे रोज ओतलं. पुरा पावसाळा. तर?”

“कुणाच्या पायात?”

“तुला माहीत शे कुणाच्या.”

प्रमिलानं मायक्रोस्कोपचा आरसा उगाच फिरवला. “त्यांना साखर होती. खिळा गंजका होता. त्यांचा पाय नुसत्या यानंच गेला, असं कुणालाच सांगता येणार नाही. मला तर नाहीच.”

“आणि यानं नही गेला, असं सांगता येईल?”

“नाही,” ती म्हणाली. “तेही नाही.”

भाऊ उठले. आपण काचपट्टी धुऊन आणतो म्हणाले. खरं तर त्यांना तिच्यासमोर बसवत नव्हतं. मागच्या दारानं ते धुण्याच्या दगडापाशी गेले. तिथं माशांची किटली होती. इतके दिवस त्यांनी ती लांबूनच बघितली होती. आता पाणी घ्यायला वाकले, तर तिची कडी डोळ्यासमोर आली. कडीला पांढऱ्या कापडाची पट्टी गुंडाळली होती आणि टोक आत खुपसलं होतं.

खात्यात भांड्यांच्या कड्या तापायच्या, म्हणून सगळेच त्यांना पट्टी गुंडाळायचे. बाकीचे वर गाठ मारून मोकळे व्हायचे. टोक असं आत खुपसणारा सगळ्या खात्यात एकच माणूस होता.

भाऊ काचपट्टी तिथंच ठेवून ओट्यावर परत आले.

“मासे कोण आणून देतो तुला?”

प्रमिला मायक्रोस्कोप पेटीत ठेवत होती. तिचे हात थांबले.

“धनसिंगकाका,” ती म्हणाली. “नकाण्याच्या तलावावर ओळख आहे त्यांची. तिथून आणतात.”

“होळीपासून?”

“हो. त्या सुमाराला ते कॉलेजात आले होते. कुबडी घेऊन, एस.टी.नं, अमळनेरला. शिपायानं मला बाहेर बोलावलं तर हे व्हरांड्यात बसलेले.” तिनं पेटीचं झाकण लावलं. “मला विचारलं, माशाची जखम भरताना दिसते का तुझ्या यंत्रातून? मी म्हटलं, दिसते. मग म्हणाले, मासे मी आणून देतो, पण आमच्या झुलालला एकदा दाखव. तो कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही, डोळ्यानं बघेल तरच ऐकेल. मला वेळ लागला आबा. आपल्या या उन्हात पेशी घरी टिकायच्याच नाहीत. काल संध्याकाळी त्यांनी मागच्या दारी मासे आणून दिले, तेव्हा म्हटलं, उद्या दाखवते.”

“त्याला कसं माहीत?”

“पाय काढायच्या आधी तिथल्या डॉक्टरांनी विचारलं होतं म्हणे, हे कडेला जाळलंय कुणी, काय ओतत होतात. काकांनी सांगितलं, काही नाही.”

भाऊ ओट्यावरच्या खाटेवर बसले. रोज समोर बसून फेस आला का म्हणून विचारणारा धनसिंग त्यांना आठवला. फेस यावा म्हणून तो विचारतोय, असंच ते धरून चालले होते.

“मग मला का नही सांगितलं? तोंड होतं ना त्याला.”

“मी पण तेच विचारलं.” प्रमिलानं पेटी बाजूला सरकवली. “म्हणाले, मी सांगितलं तर त्याला स्वतःचा पाय दिसायचा नाही, माझाच दिसेल. मग तो स्वतःच्या पायावर मुद्दाम ओतेल. त्याला मी ओळखतो.”

त्या दुपारी भाऊ जेवले, पण काय जेवले ते त्यांना सांगता आलं नसतं. कोनाड्यातली मलमाची डबी त्यांनी काढली आणि कमलबाईंना पाणी उकळून गार करायला सांगितलं. कमलबाईंनी नवऱ्याकडं एकदा बघितलं, सुनेकडं एकदा बघितलं आणि काही न विचारता स्टोव्ह पेटवला. बाटली उचलून भाऊ मागं गेले आणि मोरीत ओतून आले. मोरीतही फेस आला.

संध्याकाळी कुबडीचा आवाज आला. धनसिंग नेहमीच्या पायरीवर बसला, नेहमीसारखा रस्त्याकडं बघत. भाऊंची टाच पाटावर होती आणि भाऊ तिच्यावर तांब्यातलं कोमट पाणी सोडत होते. पाणी नुसतं वाहून गेलं. त्यांनी स्वच्छ फडक्यानं टिपलं, मलम लावलं आणि पट्टी बांधली.

“फेस उना का?” धनसिंगनं विचारलं.

“नही उना.”

धनसिंगनं मान वळवून पाटाकडं बघितलं. मग पट्टीकडं. मग बाटली जिथं असायची त्या जागेकडं.

“बरं शे,” तो म्हणाला.

भाऊंनी खाटेखालून किटली काढली. उरलेले मासे प्रमिलानं दुपारीच पांझरा नदीच्या डोहात सोडले होते. कडीची जुनी पट्टी भिजून कुजली होती. ती काढून भाऊंनी नवी गुंडाळली होती आणि टोक आत खुपसलं होतं. ते तितकंसं नीट जमलं नव्हतं. त्यांनी किटली धनसिंगच्या पुढ्यात ठेवली. धनसिंगनं पट्टीवरून अंगठा फिरवला.

“अखाजी व्हयनी का डॉक्टरकडे जानं शे,” भाऊ म्हणाले. “तू मनासंगे ये. काय ओतत होतो ते बठ्ठं सांगी टाकसू त्याले.” त्यांनी धनसिंगच्या दुमडलेल्या पायजम्याकडं बघितलं. “दोन्ही पायस्नं सांगसू.”

धनसिंगनं किटली आपल्याकडं ओढली आणि कुबडीशेजारी ठेवली.

“एकनंच सांग,” तो म्हणाला. “दुसरा आते काय भरनार शे?”

कमलबाई चहा घेऊन आल्या. भाऊंनी पट्टी बांधलेला पाय उचलून एका अंगाला घेतला आणि खाटेवर जागा केली. धनसिंग पायरीवरून उठला, कुबडी टेकत आला आणि त्यांच्या शेजारी बसला.